आईच्या लुगड्याचे पायपुसणे

आई निवर्तली. पेटीत तिची चारपाच सुती लुगडी उरली. काठ धड, पण अंग विरलेले. सून म्हणते, फाडून धांदोट्या काढू, आसने विणू, उरेल त्याचे दारात पायपुसणे. मुलाला ते सोसत नाही. जिने अंगाखांद्यावर खेळवले तिच्या वस्त्राला पाय लावायचा? अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या दर्यापट्टीत हा तंटा आम्ही पुष्कळ घरांत ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी कृती पाहू. कारण चिंध्यांचे काम म्हणजे रिकामपणाचा उद्योग असे कित्येकांना वाटते. सुती लुगडे उभ्या धाग्याने सरळ फाटते. शेवटाशी बोटभर राखून उलट बाजूने परत फाडीत यावे, म्हणजे गाठ न मारता एकच लांब दोर निघतो. नऊ वारी लुगड्याचा पन्ना ४५ इंच धरला आणि इंचाइंचाची धांदोटी काढली, तर ४०५ वार भरतात! त्याचा गुंडा करून जाड आकडीने विणायचे. गंजिफ्रॉकाचे कापड ताणले की कडा आपोआप आत वळतात, दशा सुटत नाहीत. नायलॉनच्या पातळाचे मात्र पायपुसणे करू नये; ते पाणी टिपत नाही, आणि चुलीजवळ तर धोकाच.

ही चाल जुनीच. कोळणीच्या पाटीखालची चुंबळ कशाची असते? मांदाडजवळच्या कुडे लेण्यांत बौद्ध भिक्षू राहात; टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून चीवर करावे असा त्यांच्या धर्मात आचार होता. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या वागवीत, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. आणि पंढरपुरास यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली ती त्यांनीच.

आता गीतेतला जीर्ण वस्त्राचा दृष्टांत घ्या. कीर्तनात तो नेहमी येतो. मग जुने ते टाकून द्यावे की काय? तसे नव्हे. दृष्टांत नेसणाऱ्याविषयी आहे. तो निघून गेल्यावर मागे राहिलेल्या वस्त्राचे काय करावे, हे त्यात नाही. ते घरच्यांनी ठरवायचे. डांबराच्या गोळ्या घालून पेटीत कोंडले तरी आपल्या दमट, खाऱ्या हवेत ते कुजायचे ते कुजणारच. याला भक्ती म्हणावे की नुसती धास्ती?

काही लोक तीच फाटकी लुगडी बोचक्यात बांधून गरिबाला देतात आणि दान झाले म्हणतात. हे आम्हांला मुळीच पटत नाही. आपल्याला नेसायची लाज वाटते ते दुसऱ्याच्या अंगावर घालायचे, आणि वर पुण्य आपल्या खाती! त्यापेक्षा चार दिवस बोटे झिजवून एक आसन विणून द्यावे. आषाढात भाताची लावणी, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ माळकरी कार्तिकीला जातात. त्या थंडीत ते कुणाच्या तरी बुडाखाली येईल.

राहिला पाय लावण्याचा प्रश्न. वारकऱ्याने पायाला हीन मानावे हे जरा चमत्कारिकच. आपण भेटलो की एकमेकांच्या पायाच पडतो. नामदेवराय तर शिंपी, कापडात वाढलेले. भक्तांचे पाय लागावेत म्हणून ते महाद्वारी पायरी होऊन राहिले, असे परंपरा सांगते. पण लोक त्या पायरीवर पाय देत नाहीत, डोके ठेवतात! नामदेवरायांची इच्छा आपण पुरती पाळली नाही म्हणायची. मुलाचेही तसेच आहे, त्याला दोष देववत नाही.

तेव्हा सुनेने पायपुसण्याचा हट्ट धरू नये, सगळ्याची आसनेच करावीत. पेटी मात्र उघडावी. आणि लुगड्याचे दुसरे टोक मुलाने धरावे; नऊ वार कापड एकट्याने नीट फाडता येत नाही.