उभ्या गाडीची परीक्षा

गाडीची परीक्षा ती पळताना होते, असा आपला समज. पण एकेकाळी शेतातली तेलाची इंजिने घडवणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला जाणता मिस्त्री आधी गाडी उभी करायला सांगेल. इंजिन नुसते चालू ठेवायचे आणि ऐकायचे.

पळत्या इंजिनात हवा मुबलक जाते. एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतून शिरलेली चोरटी हवा तीत खपून जाते. गाडी उभी राहिली, की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते, आतली ओढ वाढते, आणि तीच चोरटी हवा पेट्रोलच्या मानाने डोईजड होते. इंजिन थरथरते, धापा टाकते, बंद पडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत यावर सोपी युक्ती असे : स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवायचा. थरथर थांबे, पेट्रोल जास्त जळे आणि चीर तशीच राही. नव्या गाडीतला संगणक हा तोल आपणहून सावरू पाहतो. पण नळी काही तो सांधत नाही.

माणसाचे निराळे काय आहे? कामाच्या रगाड्यात मनाची चीर जाणवत नाही. दिवाळीची सुटी लागते, आणि वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला निवांतपणीच घशाशी येतो. मग आपण स्क्रू पिळतो : आणखी पाहुणे, आणखी फराळ, आणखी धावपळ. कष्टांना कोण नावे ठेवील? पण कष्ट करणे निराळे आणि कष्टांआड लपणे निराळे. हा भेद थांबल्यावाचून कळत नाही.

भाऊबीज, पाडवा होतील. त्यांत घटकाभर उगाच बसून पाहावे. चीर कुठे आहे ते कळले, की नळी बदलायला फारसा खर्च येत नाही.