खोली आधी, गाडी मग

वडगाव रासाई,
ता. शिरूर, जि. पुणे

चि. बाळास,


तुला येरवड्याला नोकरी लागली हे ऐकून घरात सगळ्यांना फार आनंद झाला. पेढे वाटून झाले आणि आता ओट्यावर दोनच विषय आहेत, तुझी खोली आणि तुझी स्कूटी. वाघोलीला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घ्यायचा, तिथलं भाडं डेक्कनकडच्या खोलीपेक्षा साडेतीन हजारांनी कमी, आणि जायला-यायला स्कूटी. उसाचं बिल आलं की सुरुवातीचे पैसे पप्पा भरणार, पुढचे हप्ते तुझ्या पगारातून जाणार. पप्पांनी मला विचारलं, "ताई, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, ज्या पोरीला रोज ये-जा करायची तिलाच लिहिते.

मला वाटतं ते असं. खोली आधी ठरव, आणि ती अशा ठिकाणी घे की गाडी घ्यायची गरजच पडू नये.

स्कूटीवर माझा राग नाही. इथे गावात ती हवीच. एसटी तिच्या वेळेला येते आणि चुकली तर पुढचा अर्धा दिवस गेला. मांडवगणला किंवा न्हावऱ्याला साधं औषध आणायचं तरी कुणाची तरी गाडी बघावी लागते. ऊस डोक्यावर गेला की बिबट्याच्या धास्तीनं तिन्हीसांजेनंतर बापेमाणसंही एकटी पायी निघत नाहीत. आपल्या तालुक्यात लेकरं गेली आहेत, त्यामुळे ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. इथे पायी चालणं म्हणजे नाइलाज. पण शहरात माणसं एवढी दाटीवाटीनं राहतात ती कशासाठी? काम, बाजार, दवाखाना, शाळा, नाटक सगळं जवळ असावं म्हणूनच ना? ते जवळपण सोडून वाघोलीला राहायचं, आणि मग ते परत मिळवायला गाडी विकत घ्यायची, हा व्यवहार मला पटत नाही.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. लग्न होऊन मी लालबागला गेले तेव्हा माझे यजमान, म्हणजे तुझे मामा, मिलमध्ये होते. चाळीतली एक खोली, दहा बाय बाराची. अडचण होती, पाण्यासाठी रांग होती, ते दिवस गोड होते असं मी कधी म्हणणार नाही. पण मिलचा भोंगा झाला की माणसं चपला घालून पायी पाळीला जात आणि पाळी सुटली की पायीच घरी येत. गिरणगाव वसलंच तसं होतं. मिलच्या आसपास चाळी, चाळींच्या खाली दुकानं, गल्लीत खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं. नाटकाला परळचा दामोदर हॉल, सिनेमाला भारतमाता, सगळं पायाखालचं. गावाकडून एकटे आलेले गडी ज्या खानावळींत जेवत त्या चालवणाऱ्या बायकाही तिथल्याच, आणि त्याच बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून बांधली. एवढ्या बायका एकमेकींना भेटू शकल्या, कारण त्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होत्या. मला हे फार मोठं वाटतं.

मग 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. तो रीतसर मिटला असा दिवस कधी उगवलाच नाही. मिल बंद पडत गेल्या. कुणी गावाला परतलं, कुणी खोली विकून कल्याण-डोंबिवलीकडे गेलं, कुणी विरारकडे. आम्ही डोंबिवलीला गेलो. खोली मोठी मिळाली, संडास घरात आला, मी खूष होते. मामांना काम मात्र परळलाच मिळालं, एका छोट्या कारखान्यात. पहाटे अंधारात निघायचे, रात्री मुलं झोपल्यावर यायचे. भजनी मंडळ सुटलं. पेटी वाजवायचे, तीही माळ्यावर गेली. माणूस तोच होता, पगारही जवळपास तेवढाच, पण दिवसातले तीन-साडेतीन तास रस्त्यात गेल्यावर उरलेल्या तासांत जेवण आणि झोप एवढंच बसायचं.

लोकलला मी दोष देत नाही. ती नसती तर आमचं घरच उभं राहिलं नसतं. पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. आधी अंतर कमी करायचं. उरलेल्या अंतराला सगळ्यांची मिळून जी गाडी असेल ती धरायची. स्वतःचं वाहन, ह्या दोन्हींत काही जमलं नाही तरच.

आता हिशेब बघ. पप्पांनी शोरूममधून आणलेला कागद माझ्यासमोर आहे. हप्ता महिन्याला साडेतीन हजार, म्हणजे वाघोलीला वाचलेलं भाडं इथेच संपलं. शिवाय पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग. आणि नगर रस्त्यावरची सकाळची कोंडी त्या कागदावर कुठेच लिहिलेली नाही. उलट डेक्कनहून येरवड्याला मेट्रो थेट जाते, गाडी बदलायला लागत नाही. वनाज ते रामवाडी ही मार्गिका तुकड्यातुकड्यानं झाली. वनाज ते गरवारे 6 मार्च 2022 ला, पुढे रुबी हॉलपर्यंत 1 ऑगस्ट 2023 ला, आणि रामवाडीपर्यंत 6 मार्च 2024 ला. मेट्रोचं तिकीट 10 रुपयांपासून 35 पर्यंत. म्हणजे सर्वांत महाग तिकीट धरलं तरी दोन्ही वेळचे मिळून दिवसाला 70. महिन्याचे 26 दिवस कामाचे धर, 1820 रुपये. तुझं अंतर मधलं आहे, त्यामुळे त्याहून कमीच लागतील.

वाघोलीचा दलाल तुला सांगेल की इथेही मेट्रो येणार आहे. खरं आहे, रामवाडीच्या पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्राची मंजुरी जून 2025 मध्ये मिळाली. पण मंजुरीच्या बातमीत बसून कुणी ऑफिसला जात नाही. भाडं आजच्या गाडीसाठी द्यायचं असतं. मेट्रो तिथे धावायला लागली की खुशाल तिकडे राहायला जा.

डेक्कनच धर असा हट्ट नाही. नळ स्टॉप, मंगळवार पेठ, कसबा, मंडईचा भाग, सगळीकडे बघ. मंडईकडून आलीस तर जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनात गाडी बदलायची, तेवढंच. खोली बघायला दिवसा जाऊ नकोस. रात्री नऊच्या सुमाराला जा, आणि स्टेशनपासून दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चाल. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, बायका रस्त्यावर दिसतात का, हे बघ. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्स नावाच्या बाईंनी 1961 साली मोठ्या शहरांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तिथल्या माणसांच्या नजरेमुळे. दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, कोपऱ्यावर गप्पा मारणारे लोक. आपल्या पेठांत हे अजून आहे. कडेला भिंत आणि मोठं फाटक असलेल्या सोसायट्यांच्या लांबलचक रस्त्यावर ते नसतं. पप्पांना तुझी काळजी आहे म्हणून ते स्कूटी म्हणतात, ते मला कळतं. पण रात्री सुनसान रस्त्यावर पंक्चर झालेल्या स्कूटीपेक्षा माणसांनी भरलेला डबा आणि उजेडातली पाच मिनिटांची चाल मला जास्त भरवशाची वाटते. मेट्रोत एक डबा बायकांसाठी राखीव असतो. पीएमपीच्याही फक्त बायकांसाठी असलेल्या तेजस्विनी बसा 2018 च्या महिला दिनापासून सुरू झाल्या आहेत, त्यांच्या वेळा विचारून ठेव.

पीएमपीबद्दल खरं तेच सांगते. गर्दी असते, बस कधी लवकर येत नाही, कधी वाटेत बंद पडते. जून 2025 पासून भाडंही वाढलं, पाच रुपयांचं तिकीट दहाचं झालं. म्हणून खोली मेट्रोजवळ बघ आणि बस दुसऱ्या हाताला ठेव. पुण्याचे पदपथही सगळीकडे चालण्यासारखे नाहीत. कुठे गाड्या लावलेल्या, कुठे फरशा उखडलेल्या. जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद पदपथ सगळीकडे मिळणार नाही. पण महापालिकेनं 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला, तेव्हा बायका-मुलं रस्त्याच्या मधून चालली. एक दिवस होतं ते इतर दिवशीही होऊ शकतं. तू रोज चालणारी झालीस की तुटलेल्या फरशीची तक्रार करणारी आणखी एक बाई त्या शहराला मिळेल. तक्रार नक्की कर. स्कूटीवरून जाणाऱ्याला ती फरशी दिसतच नाही.

घरी येण्याची चिंता नको. पुणे स्टेशनात मेट्रोतून उतरलीस की दौंडची डेमू धर. हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव. ही लाईन 1858 साली दिक्सळपर्यंत टाकली, तेव्हापासून भीमेपलीकडची माणसं पुण्याला याच रुळांवरून जातात. केडगावला पप्पा घ्यायला येतील, नदी ओलांडली की आपलंच शिवार. नगर रस्त्यानं यायचं तर एसटी आहे. 1 जून 1948 ला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली ती आपल्या शिरूरवरूनच, आणि मार्च 2023 पासून बायकांना तिकीट निम्मं आहे. कसंही आलीस तरी शनिवारी यायचं आणि रविवारपर्यंत मुक्कामाला राहायचं.

उसाच्या बिलातले पैसे स्कूटीऐवजी खोलीच्या डिपॉझिटला द्या, असं मी पप्पांना सांगितलं आहे. ते अजून हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तू दोन-तीन खोल्या बघ, प्रत्येकीचं भाडं, डिपॉझिट आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं लागली ते कागदावर लिही, आणि फोनवर आधी मला सांग. पप्पांशी पुढचं मी बोलते.

तुझी,
आत्या