ब्रिज बदलला, गिटार तीच?

स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या स्वस्त गिटारीत ट्रेमोलो ब्रिजखालचा ठोकळा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा आणि पातळ असतो. जागा पुरली तर तिथे पोलादी किंवा पितळी जाड ठोकळ्याचा ब्रिज बसवतात. मग गिटार तीच राहते का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथातले भिक्षू नागसेन मिलिंद राजाला दाखवून देतात की चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे, ‘रथ’ हे भागांच्या जुळणीवर आधारलेलं व्यवहारातलं नाव. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांना हे नामंजूर. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळा आणि खरा आहे. म्हणूनच एक अवयव गेला की जुना अवयवी संपतो, नवा उपजतो. तसं पाहिलं तर नुसती तार बदलली तरी गिटार नवी मानावी लागेल, आणि हे मला पटत नाही.

नागसेनांचं म्हणणं मला जवळचं वाटतं, पण जुळणी म्हणजे ढीग नव्हे. नवा ब्रिज आणण्याआधी स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजावं लागतं. ते चुकलं तर महागडा ब्रिजही बसत नाही. काय सामावून घ्यायचं हे आधीची रचना ठरवते, आणि सातत्य तिथेच आहे. कुणी म्हणेल, असं करत सगळेच भाग बदलले तर? गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही गिटार अनेक स्ट्रॅटोकास्टरांचे भाग जोडूनच घडली होती. २००४ साली ती लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. तिला एकपण दिलं ते जुळणीने आणि पुढच्या वर्षानुवर्षांच्या वादनाने. भाग एकेक करून बदलले आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या रचनेत रुजला, तर ती तीच गिटार. एका दिवसात सगळे काढून टाकले, तर नाही.