वाटेचे ऋण



खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये उंबरमाळी स्टेशन आहे. गाडीतून उतरलेल्या पाड्यावरच्या माणसाची पायपीट तिथून सुरू होते, कधी शेताच्या बांधावरून, कधी ओढ्यातून, कधी रानातून. पावसाळ्यात पाणीही याच पायवाटांनी धावते. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईचा पाय तिथेच मुरगळतो.

श्रमदानाची गोष्ट निघाली तेव्हा "हे काम ग्रामपंचायतीचे" असे आम्हीही म्हणालो होतो. ते खोटे नव्हते. कायदाही आहे. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून शेतात जायला वाट देते. हा हक्क जरूर मागावा. श्रमदानाने पंचायतीची जबाबदारी संपत नाही. पण कायद्याने मोकळी झालेली वाटही दरवर्षी कोणीतरी राखावी लागते.

मग प्रश्न उरतो, ज्याला आपण कधी पाहणारही नाही, त्याच्यासाठी आपण का राबावे? दयाळू शोमरोनी माणसाला निदान जखमी समोर दिसला होता.

आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळापासून ही वाट कोकणातून जुन्नरकडे जाते. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात व्यापारी जकात टाकत, असे सांगतात. वाट वापरणाऱ्याने काही द्यावे, हे तेव्हाही मान्य होते. आपल्या पायवाटेवर रांजण नाही. पण ओढ्यात पहिला दगड कोणीतरी टाकला, म्हणून आपण कोरड्या पायांनी पलीकडे गेलो. ती माणसे आता नाहीत. त्यांचे ऋण त्यांना फेडता येत नाही, मागून येणाऱ्यालाच फेडता येते.

काम आवाक्यातले आहे. वाटेवर तिरका चर काढला की पाणी बाजूला वळते. पायरीचा दगड अर्ध्याहून अधिक गाडला की हलत नाही. कुंपण ओलांडतात तिथे, मालकाला विचारून, दोन्ही बाजूंना पायरीसारखे दगड बसवावेत. वनखात्याच्या हद्दीत आधी परवानगी घ्यावी.

पाऊस सरला की कुदळ, घमेले आणि कोयता घेऊन या. नावाची पाटी मात्र नको. आपल्यामागून कोणी न अडखळता घरी पोहोचले, की आपले काम झाले.