दुसरे 'द' कशासाठी?

गृहनिर्माण संस्थेच्या इंग्रजी ठरावात असे एखादे वाक्य असते: 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर शॅल साइन ऑल चेक्स.' आता चेकवर सह्या किती? लिहिणाऱ्याच्या मनात दोन असतात. पण दोन्ही पदे एकाच माणसाकडे आहेत आणि सही त्या एकाचीच, असाही अर्थ या वाक्यातून सरळ निघतो. 'इज' किंवा 'आर' असते तर क्रियापदानेच उलगडा केला असता. 'शॅल' एकवचनाला तेच आणि अनेकवचनालाही तेच. म्हणून माणसे मोजण्याचे काम एकट्या उपपदावर येऊन पडते. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' लिहिले की माणसे निःसंशय दोन.

शाळेत रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातून आपण हा नियम शिकतो, पण विशेषणांपुरताच लक्षात ठेवतो. 'अ ब्लॅक अँड व्हाइट काऊ' ही एक गाय, अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेली. 'अ ब्लॅक अँड अ व्हाइट काऊ' म्हटले की गोठ्यात दोन गायी. नामांच्या यादीतही हेच तत्त्व काम करते: प्रत्येक उपपद नवी वस्तू समोर ठेवते.

मग दर नामामागे उपपद लावायचेच का? तसे नाही. विल्यम स्ट्रंक यांनी 1918 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटे पुस्तक छापले. त्यात त्यांनी सांगितले की यादीतल्या सगळ्या नामांना लागू होणारे उपपद एकतर फक्त पहिल्या नामाआधी यावे, नाहीतर प्रत्येकाआधी यावे. काहींना दिले आणि काहींना नाही, असे करू नये. 'द चेअरमन, सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' हे वाक्य म्हणूनच लंगडते.

हा नियम मराठी माणसाला परका वाटायचे कारण नाही. आपण 'पुण्याला, नाशिकला आणि नागपूरला' म्हणतो किंवा 'पुणे, नाशिक आणि नागपूर येथे' म्हणतो. 'पुणे, नाशिकला आणि नागपूरला' असे कोणी म्हणत नाही. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामामागून येतात, इंग्रजी उपपद नामाआधी येते, एवढाच फरक. समतोलाचा कान आपल्याला आधीपासूनच आहे. तो इंग्रजी लिहितानाही वापरायला हवा, असे मला मनापासून वाटते.

खरी अडचण येते ती मिश्र यादीत. पावसाळी ट्रेकच्या सूचनेत लिहायचे आहे: छत्री, टॉर्च, तांदूळ, काडेपेट्या. 'ॲन अंब्रेला, टॉर्च...' असे सुरू केले की 'ॲन' टॉर्चला लागू पडत नाही आणि कानाला खटकते. तिथे 'अ टॉर्च' असे नव्याने लिहावे. तांदूळ मोजून घ्यायची वस्तू नाही, त्यामुळे 'राइस'ला 'अ' लागूच शकत नाही. काडेपेट्या अनेक, म्हणून 'मॅचबॉक्सेस'लाही नाही. यादी अशी होते: 'ॲन अंब्रेला, अ टॉर्च, राइस अँड मॅचबॉक्सेस.' दोघांना उपपद आहे, दोघांना नाही, तरी ती निर्दोष आहे. स्ट्रंक यांचा नियम सगळ्यांना लागू होणाऱ्या उपपदाचा आहे. इथे असे सामाईक उपपदच नाही.

काही जोड्या तर इतक्या एकजीव झालेल्या असतात की 'अ कप अँड सॉसर' हा एकच संच मानला जातो. तिथे दुसरे 'अ' घातले तर कप वेगळा आणि बशी वेगळी होते. 'हजबंड अँड वाइफ', 'डे अँड नाइट' यांना तर बहुधा उपपदच लागत नाही. या जोड्यांना नियम लावत बसू नये, वाचनातून त्या कानात बसू द्याव्यात.

गोष्टीत किंवा पत्रात एखादे उपपद गाळले तर वाचणारा सांभाळून घेतो. ठराव, उपनियम, करारपत्र यांत मात्र सह्या आणि पैसे गुंतलेले असतात. असे मसुदे इंग्रजीत करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: माणसे दोन हवी असतील तर दुसरे 'द' लिहा, आणि एकच माणूस असेल तर ते मुळीच लिहू नका.