मुनीमजींचे येणे बाकी

आमेरच्या किल्ल्याखाली सकाळी हत्तींची रांग लागते आणि प्रवासी त्यांचे फोटो काढतात. त्याच वेळी जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्यांतून, जिथे टेम्पो शिरत नाही तिथे, वाळूची पोती पाठीवर घेऊन गाढवे चढत असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही जयपूरला आलो, त्याला तीन वर्षे झाली. मीही कधी पाहिले नव्हते.

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी इथे लेखांच्या अनुवादाची सेवा करते. गेल्या वर्षी आमेरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या पशुआश्रमाने हिशेब लिहायला कोणी मिळेल का, असे विचारले. मी गेले. फाटकातच एक म्हातारे गाढव उभे होते. पुढचा एक पाय वाकडा, पाठीवर जुन्या जखमांचे पांढरे डाग. येणाऱ्या प्रत्येकाला ते वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, म्हणून सगळे त्याला ‘मुनीमजी’ म्हणत. लहान मुले आली की ते मान खाली करून उभे राहायचे. रोज फाटकाबाहेर रिक्षा थांबवून त्याला गाजर देणारे एक चालकही होते.

मी वही उघडली. चारा, औषध, खुरांची छाटणी असा खर्च लिहिला. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. कॉलेजात आम्ही घसारा शिकतो: यंत्र जुने झाले की दरवर्षी त्याची किंमत कमी करत न्यायची आणि शेवटी उरते ती भंगाराची किंमत. वीटभट्टीवरचा एक माणूस हलक्या कामासाठी जनावर मागत होता. मी तिथे सांभाळ करणाऱ्या काकाजींना म्हटले, “मुनीमजींना देऊन टाकू या. त्यांच्या खर्चात दोन जखमी वासरे बरी होतील.”

काकाजी चिडले नाहीत. “बाईसा, हा भट्टीवरूनच आला आहे,” एवढेच म्हणाले आणि पाण्याची बादली घेऊन गेले.

मागच्या पौषात, कडाक्याच्या थंडीत मुनीमजी गेले. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

साधक बंधू-भगिनींनो, माझा हिशेब नेमका कुठे चुकला होता? बेरीज बरोबर होती. पण मी वही त्या दिवसापासून उघडली, ज्या दिवशी ते आश्रमात आले. त्याआधीची पाने माझ्याकडे नव्हतीच. किती घरांच्या विटा, किती जिन्यांची वाळू त्या पाठीवरून गेली असेल! त्याची मजुरी दुसऱ्यांनी घेतली. म्हणजे चाऱ्याचा खर्च मी ‘दान’ या सदरात लिहिला होता, तो खरे तर ‘देणे’ या सदरात हवा होता. मुनीमजी आश्रमाचे आश्रित नव्हते, समाजाचे धनको होते.

इथे मला समाधान वाटले असते. पण आश्रमात एक जन्मतःच लंगडे शिंगरू आहे. त्याने आयुष्यात एक वीटही वाहिली नाही. त्याचे आपण काय देणे लागतो? श्रमाचा मोबदला हाच हक्काचा पाया मानला, तर त्याला उपाशी ठेवावे लागेल. आणि मग हाच नियम घरातल्या आजारी बाळालाही लागू होईल. तेव्हा देण्याचा हिशेबही अपुराच पडतो.

या ठिकाणी मला एकनाथ महाराज आठवले. गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे जाताना तापलेल्या वाळूत तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि ते पाणी त्यांनी त्याच्या मुखात घातले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आता ती मला वेगळी ऐकू येते. ते पाणी एका पवित्र कार्यासाठी राखून ठेवलेले होते. त्या गाढवाने नाथांचे काहीच काम केलेले नव्हते. त्याचा हक्क एवढाच, की त्याला तहान लागली होती. ते गाढव म्हणजे देवच होता, असे आपण नंतर म्हणतो. नाथांनी मात्र पाणी पाजले ते गाढवाला.

“माणसे उपाशी असताना गाढवावर खर्च का?” असे माझ्या मैत्रिणीने विचारले. प्रश्न खोटा नाही. मी माझाच महिन्याचा खर्च काढून पाहिला. उपाशी माणसाच्या घासाच्या आड गाढवाचा चारा कुठेच येत नव्हता. माझ्या नव्या मोबाइलचा हप्ता येत होता.

शिवाय वेळही थोडा उरला आहे. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९मध्ये ती १ लाख २४ हजारांवर आली. शीतला मातेचे वाहन गाढव. चाकसूच्या डोंगरीवर शीतलाष्टमीला मोठी जत्रा भरते. आपण मातेला हात जोडतो आणि परतीच्या वाटेवर तिच्या वाहनाला काठीने बाजूला सारतो.

मुनीमजी गेले तेव्हा काकाजींनी देह लगेच हलवू दिला नाही. त्यांच्यासोबत राहणारी गाढवीण जवळ उभी होती. गाढवांची जोडी फार घट्ट असते. सोबती अचानक नाहीसा झाला तर मागे राहिलेले खाणे सोडते आणि त्यातून त्याचाही जीव जाऊ शकतो. म्हणून तिला वेळ द्यायचा असतो. तिने त्याला हुंगले, नाकाने ढोसले, बराच वेळ उभी राहिली. मग स्वतःहून गवताकडे गेली. मी रडत होते आणि हा मोह तर नव्हे, असेही मनात येत होते. आता वाटते, ते जिवंत असताना त्यांना विकायला निघाले, तेव्हा मला अलिप्तता साधली नव्हती. ती नुसती बेफिकिरी होती. अलिप्त काकाजी होते: रोज बादली भरणारे, काही न मागणारे.

मराठीत आपण ‘ते गाढव’ म्हणतो. या लेखात मीही सुरुवातीला तसेच लिहिले. पुढे कधी ‘मुनीमजी गेले’ असे आदराने लिहू लागले, ते माझे मलाच कळले नाही.

वहीत मी सदराचे नाव बदलले आहे. यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या दाराबाहेर पाण्याची एक कुंडी भरून ठेवावी, एवढीच विनंती. पिणारा कोण, हे पाहत थांबू नये.