कर्मफळ आणि हमाली

फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, ही गीतेतील निष्काम कर्माची शिकवण श्रमिकाच्या वेतनालाही लागू पडते काय, हा प्रश्न जुना असला तरी बीड जिल्ह्यातील माजलगाव, परळी, गेवराई येथील बाजार समित्यांच्या आवारांत आणि गोदामांत तो आजही निकालात निघालेला नाही. कारण दर वाढवून मागणाऱ्या कष्टकऱ्याला सेवाभाव आणि समाधान ऐकवण्याची सवय मराठी समाजात खोल मुरलेली आहे. या सवयीला शास्त्राचा आधार मात्र नाही.

यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा या दर्शनात जैमिनींनी ऋत्विजांच्या, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांच्या, दक्षिणेचा विचार केला आहे. तेथे दक्षिणा हे दान नसून ‘परिक्रय’, म्हणजे मोबदला देऊन माणसाला कामास लावणे, असे ठरते. यज्ञाचे फळ यजमानाला मिळते आणि ते कालांतराने मिळणार असल्यामुळे मधल्या काळात ‘अपूर्व’ ही अदृश्य शक्ती ते फळ जपून ठेवते, परंतु ऋत्विजाची दक्षिणा त्या फळाची वाट पाहत थांबत नाही. फळ आणि वेतन या दोन वस्तू इतक्या स्पष्टपणे वेगळ्या केल्यावर, फळत्यागाच्या उपदेशातून वेतनत्याग काढणे हा अर्थाचा अनर्थच म्हणावा लागेल.

गोदामाचे अर्थशास्त्र नेमके याच भेदावर उभे आहे. सोयाबीन किंवा तूर काढणीनंतर लगेच न विकता भाव येईपर्यंत ठेवता यावी म्हणून राज्यात 1990-91 पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालते. तीत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. म्हणजे मालाचे मोल थांबू शकते. पाठीवर गोणपाटाची घडी टाकून, हाती लोखंडी हूक घेऊन फळीवरून पोत्यांची थप्पी चढणाऱ्या हमालाचे श्रम मात्र साठवता येत नाहीत. आज न विकलेला दिवस उद्याच्या भावाने विकता येत नाही. शिवाय थप्पीच्या पहिल्या थरातले आणि दहाव्या थरातले पोते वजनाने सारखे असले तरी कष्टाने सारखे नसते, आणि पोत्यावर ठरणारी हमाली हा फरक क्वचितच मोजते.

अण्णासाहेब पाटील यांच्या ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या चळवळीतून आलेला 1969 चा माथाडी कायदा या दृष्टीने केवळ कामगार कायदा नाही, तर एक नैतिक निर्णय आहे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ‘लेव्ही’, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा अशा लाभांसाठीची टक्केवारी, मालक, कामगार आणि शासन यांच्या त्रिपक्षीय मंडळाकडे भरायची, अशी त्याची रचना आहे. ज्याला स्वतःचे श्रम साठवता येत नाहीत, त्याच्या म्हातारपणासाठी काही साठवण्याची जबाबदारी येथे त्या श्रमांवर उभ्या असलेल्या व्यवहाराने उचलली. हीच या कायद्याची खरी थोरवी होय.

निष्कामता हे कर्त्याने स्वतःसाठी स्वीकारायचे व्रत आहे. ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार मालकाला कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही. म्हणून बीड जिल्ह्यातील प्रत्येक गोदामाने भाड्याच्या दराशेजारी हमालीचा दरही फलकावर लावावा, आणि हमालांच्या टोळीची माथाडी मंडळाकडे नोंद करून लेव्ही वेळेवर भरावी.